आयटीला घालायचंय, क्लास कुठला लावू?

बारावीची परीक्षा संपली की आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात मला भाजी घेणं मुश्कील होतं. "टीचर, बाबाक आयटीक घालपाचो आसा. सुटयेंत खंयचो क्लास लावं?" (मुलाला आयटीला घालायचंय, सुट्टीत कुठला क्लास लावू?) कोणी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेचं नाव घेतं, कोणी जावाचं, आणि हल्ली तर कोणी एआयच्या कोर्सचं पत्रकच पुढे करतं. मी उच्च माध्यमिकला कंप्युटर सायन्स शिकवते, म्हणजे मला ठाऊक असणार, असा सगळ्यांचा समज. भेंडी निवडता निवडता धड उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून इथे सविस्तर सांगते.

प्रोग्रामिंगचा क्लास सध्या कुठलाच लावू नका.

फर्मागुडीचं इंजिनीअरिंग कॉलेज असो, पॉलिटेक्निक असो की बीसीए, प्रोग्रामिंगची भाषा सगळीकडे पहिल्या धड्यापासून शिकवतात. मुलं अडतात ती तिथे नाही. जे 'हे तर येतंच असेल' म्हणून कोणी शिकवतच नाही, तिथे अडतात. फाइलचंच घ्या. मनोहर पर्रीकरांच्या काळात सायबरएज योजनेतून अकरावीच्या मुलांच्या घरी कंप्युटर आले. त्या पोरांनी त्यावर गेम खेळून माती केली असं आपण तेव्हा म्हणायचो, पण गेम कुठल्या ड्राइव्हवर टाकलाय हे त्यांना पक्कं माहीत असायचं. आजची मुलं फोनवर वाढली. "प्रोग्राम कुठे ठेवलास?" "व्हॉट्सॲपवर आहे, टीचर." व्हॉट्सॲपच्या आधी तो कुठे होता, हे सांगता येत नाही.

दरवर्षी होणारा एक प्रकार सांगते. मुलगी नोटपॅडमध्ये प्रोग्राम लिहिते, 'बेरीज डॉट पीवाय' (पीवाय म्हणजे पायथनची फाइल) असं नाव देऊन सेव्ह करते आणि चालवायला जाते, तर उत्तर येतं, अशी फाइलच नाही. फाइल तर समोर दिसतेय! नोटपॅडने नावामागे गुपचूप 'डॉट टीएक्सटी' जोडलेलं असतं, आणि विंडोज ते शेपूट लपवून ठेवतं. पूर्ण नाव दाखवण्याची खूण कुठे करायची हे माहीत असेल तर अर्ध्या मिनिटाचं काम. नसेल तर प्रॅक्टिकलचा तास गेला, वर 'मला आयटी जमणार नाही' हा शिक्काही तिने स्वतःच स्वतःवर मारून घेतला. सुट्टीत मुलांना घरचे फोटो वर्षावार फोल्डरमध्ये लावायला सांगा, कॉपी आणि मूव्ह यांतला फरक कळू दे, एक फोल्डर झिप करून (एका फाइलीत बांधून) मेलने पाठवू दे. हे फुकटात होतं.

दुसरी अडचण कंप्युटरची तक्रार वाचण्याची. आपल्या भागातली पुष्कळ मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत जातात आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात. घरी कोंकणी, पेपर मराठी, पुस्तक इंग्रजी. त्यांना इंग्रजी येत नाही असं नाही, पण पडद्यावर लाल अक्षरं आली की ती वाचतच नाहीत. थेट हात वर. मी जवळ जाऊन एवढंच म्हणते, "शेवटची ओळ मोठ्याने वाच." पायथनमध्ये नेमकी तक्रार बहुधा शेवटच्या ओळीत असते आणि ओळीचा नंबर तिच्या वर. 'नेमएरर' आला म्हणजे ते नाव त्याला ओळखीचं नाही, बहुतेक वेळा स्पेलिंगच चुकलेलं असतं. पुन्हा पुन्हा भेटणारे असे शब्द वीस-पंचवीसच्या वर नसतात. तेवढ्यासाठी स्पोकन इंग्लिशचा क्लास नको.

त्याहून अवघड म्हणजे तक्रार न येता चुकणारा प्रोग्राम. दोन विषयांचे गुण विचारायचे आणि बेरीज दाखवायची, एवढंच काम. मुलगा 40 टाकतो, 35 टाकतो, उत्तर येतं 4035. वर्गात हशा. पायथनला कीबोर्डवरून आलेलं सगळं अक्षरंच वाटतं, आकडा करून मागितला नाही तर तो दोन मजकूर एकाला एक चिकटवून देतो. हे नियम म्हणून पाठ करणारा पुढच्या आठवड्यात विसरतो. '4035 कसे आले असतील?' म्हणून कागद घेऊन बसतो, त्याची मला पुढे काळजी नसते. कागद-पेन्सिलने प्रोग्राम चालवून बघणं, प्रत्येक ओळीनंतर कुठल्या नावात काय आहे ते तक्त्यात मांडणं, ही सवय दहावीच्या मुलालाही लावता येते. कंप्युटर नसला तरी चालतो.

गोव्यात सहावी ते आठवीला कोडिंग-रोबोटिक्स आल्यापासून स्क्रॅचसारख्या साधनात पडद्यावर आज्ञांचे ठोकळे जुळवलेली मुलं वर येऊ लागली आहेत. चांगलं आहे. मात्र ठोकळा चुकीच्या जागी सहसा बसतच नाही, स्वल्पविराम मात्र कुठेही बसतो. ठोकळ्यांवरून लिहिण्याकडे येताना मुलं बिथरतात, तेव्हा 'याला तर कोडिंग येतं' म्हणून निर्धास्त राहू नका.

वर्गात अकरावीला मी पहिला गृहपाठ देते: माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची चौकट, कशी बांधायची ते लिहा. वाचणारा माणूस गोव्याबाहेरचा, चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, कधी इथे आलेला नाही. निम्म्या वह्यांत पहिली ओळ असते, 'माटोळीला सगळी फळं बांधा.' कशाने बांधा? केवणीच्या झुडपाच्या सालीने, पण ती आधी भिजवायची हे राहिलं. चौकट आधी टांगायची की फळं बांधून मग? नारळाचा घोस एका बाजूला बांधला तर दुसऱ्या बाजूला काय, नाहीतर सगळं कलंडेल! कांगलां, माट्टुल्यो, सुपारीचे घोस, तोरंजन यांत जड कुठलं आणि हलकं कुठलं, हे त्या परक्या माणसाला कसं कळणार? मग भांडणं सुरू होतात, कारण प्रत्येकाच्या घरची रीत वेगळी. कोणी लिहितं, 'तोरंजन मिळालं नाही तर दुसरं मोठं फळ', आणि फळ्यावर 'जर-तर' लिहायला मला आयतं निमित्त मिळतं. 'सगळ्या जागा भरेपर्यंत बांधत राहा' असं लिहिणाऱ्या मुलीला मी सांगितलं, तू लूप लिहिलास, म्हणजे अट पुरी होईपर्यंत तेच काम पुन्हा पुन्हा. पुढचा तासभर ती ऐटीत होती.

गणिताबद्दल एकच सांगते, पण ते महत्त्वाचं आहे. अकरावीच्या एनसीईआरटी पुस्तकातलं पहिलंच प्रकरण सेट्सचं, म्हणजे संचांचं. सोपं म्हणून मुलं ते दोन दिवसांत उरकतात. पुढे डेटाबेस शिकताना युनियन (दोन्ही एकत्र करणं), इंटरसेक्शन (सामाईक तेवढं घेणं) तिथूनच परत येतात. बारावीच्या मॅट्रिसेस, म्हणजे आकड्यांचे चौकोनी तक्ते, ग्राफिक्सला आणि आता एआयलाही लागतात. 'आयटीला गणित कुठे लागतं?' म्हणणाऱ्याचं ऐकून अकरावीला गणित सोडू नका. आधी सोडलं की मागाहून कुठल्या क्लासने ते भरून निघत नाही.

तरीही प्रोग्रामिंगची चव घ्यायचीच असेल, तर घरच्या घरी एक गंमत करा. पायथन फुकट आहे. 'गोवा' या शब्दाची लांबी त्याला विचारा. आपण म्हणू दोन अक्षरं. तो सांगतो चार, कारण ग, ओकाराची मात्रा, व आणि काना हे युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला नंबर देण्याच्या पद्धतीत, सुटे मोजले जातात. 'डिचोली'चे सहा होतात. यूटीएफ-8 या साठवायच्या पद्धतीत यातल्या प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे 'गोवा'ला बारा. मराठी मजकुराचा एसएमएस इंग्रजीपेक्षा लवकर का भरतो याचा विचारही इथून सुरू होतो, फक्त तिथली मोजणी वेगळी असते. असा एखादा 'का' ज्याच्या मनात राहतो, तो कॉलेजात झोपत नाही.

लॅपटॉपचंही विचारता. 8 जीबी रॅम आणि एसएसडी (वेगवान डिस्क) असली की पहिली दोन वर्षं निभतात. गेमिंगचा लॅपटॉप 'अभ्यासासाठी' मागणाऱ्याला हसून नाही म्हणा. आणि एआयच सगळं लिहून देणार असेल तर शिकायचं कशाला, असं विचारणाऱ्यांना मी 4035 ची गोष्ट सांगते. लिहून कोणीही देऊ दे, उत्तर वेडंवाकडं आलंय हे ओळखणारा लागतोच.

पैसे खर्च करायचेच असतील तर टायपिंगच्या क्लासवर करा. एका बोटाने कळा शोधणाऱ्याचं निम्मं लक्ष कळा शोधण्यातच जातं, विचार मागे राहतो.

आणि सुट्टीतलं काम म्हणाल, तर काजूचा हंगाम चालूच असतो. घरच्या बियांचा हिशेब मुलाच्या हाती द्या, स्प्रेडशीटमध्ये: तारीख, किलो, दर, आलेले पैसे. पहिल्या आठवड्यात तो खूश असेल, कारण दर एकाच खान्यात ठेवून सगळ्या ओळींना त्याने तोच लावलेला असेल. मग दर उतरेल. तो खान्यातला आकडा बदलेल आणि मागचे सगळे व्यवहार नव्या दराने मोजले जातील, पैसे तर जुन्या दराने हातात आलेले. तिथे त्याला सांगू नका. दर प्रत्येक ओळीत लिहायचा की तारखांसह दरांचा वेगळा तक्ता करायचा, यावर त्याला डोकं खाजवू द्या. डेटाबेसच्या पेपरात हाच प्रश्न मोठ्या नावाने येतो.