चॅथम गोदी: जहाजांच्या खाली आणि डोक्यावर काय बघाल

इंग्लंडमधल्या चॅथमची जुनी नौदल गोदी आता संग्रहालय आहे. इथे येणारे बहुतेक जण युद्धनौका बघून परततात. पण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कालवे-पूल बांधणाऱ्या अभियंत्यांनी इथे जे केलं, ते बघायला नजर जहाजांवरून काढावी लागते.

लंडनच्या सेंट पँक्रसहून जलद गाडीने पाऊण तासाच्या आत चॅथम येतं. स्टेशनवरून गोदीपर्यंत बस मिळते. तिकीट घेतानाच दोरखंड कारखान्याची आणि 'ऑसिलॉट' पाणबुडीची वेळ पक्की करा. दोन्ही फेऱ्या ठरलेल्या वेळी निघतात आणि सुट्टीच्या दिवशी लवकर भरतात. हिवाळ्यात गोदी काही काळ बंद असते, तेव्हा निघण्यापूर्वी तारखा बघा.

पाणबुडीत शिरण्याआधी ती जिच्यात उभी आहे ती ३ नंबरची सुकी गोदी (जहाज आत घेऊन पाणी उपसता येतं असा खड्डा) काठावरून नीट बघा. अभियंता जॉन रेनीच्या आराखड्यावरून १८१६ ते १८२१ मध्ये बांधलेली ही चॅथमची पहिली दगडी गोदी. आधीच्या लाकडी गोद्या कुजत, गळत. दोन्ही बाजूंच्या दगडी पायऱ्या नुसत्या चढ-उताराच्या नाहीत: पाणी उपसल्यावर जहाज कलंडू नये म्हणून पोटाला लावलेले लाकडी टेकू त्यांवरच टेकत. मेडवे नदी गाळाने भरते म्हणून चॅथमऐवजी टेम्सकाठच्या नॉर्थफ्लीटला नवी गोदी बांधावी, असं मत मांडणारा रेनी तो हाच. ती बांधली गेली नाही.

सर्वात जास्त वेळ दोरखंड कारखान्याला द्या. इमारत ३४६ मीटर लांब. ही लांबी हौसेची नव्हे. सुताचे पेड आणि पेडांचा दोर वळताना पिळामुळे लांबी जवळपास तिसऱ्या हिश्शाने घटते, आणि नांगराचा दोर मध्ये जोड न देता एकसंध हवा. पेडाचा पीळ आणि दोराचा पीळ उलट दिशांचे असतात, म्हणून ते एकमेकांना धरून राहतात. पीळ कमी पडला तर दोर उकलतो. जास्त झाला तर ताठ होतो आणि भार कमी सोसतो. यंत्रकार हेन्री मॉडस्लेने बनवलेलं १८११ चं पेड वळायचं यंत्र अजून इथे आहे. दोर आजही वळले जातात. यंत्र चालू असेल तर तिथेच थांबा, बाकीचं नंतर बघता येईल.

अभियंता मार्क ब्रुनेलची १८१४ ची करवत गिरणी वरच्या अंगाला आहे. बाहेरूनच बघा, पण योजना समजून घ्या: ओंडके भुयारी कालव्यातून तरंगत यायचे, विहिरीसारख्या खड्ड्यातून वर उचलले जायचे आणि वाफेवर चालणाऱ्या करवतींपुढे जायचे. त्याआधी एक माणूस ओंडक्यावर आणि दुसरा खड्ड्यात, अशी हाताने कापणी चाले.

मुंबईकरांनी मुख्य वेशीच्या आत 'वेलस्ली' जहाजाचं शीर्षशिल्प (नाळेवरचा कोरीव पुतळा) चुकवू नये. ७४ तोफांचं हे सागवानी जहाज वाडियांनी मुंबईच्या गोदीत बांधलं आणि १८१५ मध्ये पाण्यात उतरवलं.

शेवटी ३ नंबरची स्लिप, म्हणजे जहाज बांधून पाण्यात सोडायचा उतार. बांधकामात असलेलं जहाज पावसाने भिजून कुजे, म्हणून १८३८ मध्ये तिच्यावर हे प्रचंड लाकडी छप्पर घातलं. वरच्या मजल्यावर गेलात की तुळयांचे सांधे अगदी जवळून दिसतात. थंडीत तिथे वारा बोचरा असतो, जाकीट हवंच. पाणबुडीतले दरवाजे गोल आणि अरुंद आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी ती फेरी सोडून तो वेळ इथे घालवावा.