फरमार्क पास, क्रिकेट फेल: भाच्याच्या ग्राफिक्स कार्डचा माझा अनुभव

भाच्याच्या पीसीत आरटीएक्स ३०६० आहे, १२ जीबीवालं, इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधून सेकंडहँड घेतलेलं. कार्ड तसं छान, पण हा पोरगा यूट्यूब बघून बघून आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाचा वेग वाढवायचं सॉफ्टवेअर) कोअर क्लॉक, म्हणजे कार्डाचा वेग, प्लस १८० मेगाहर्ट्झ, मेमरी प्लस ९००, पॉवर लिमिट फुल असं सगळं लावून बसला होता, आणि गंमत म्हणजे अख्खा उन्हाळा ते व्यवस्थित चाललं. इंदूरचा मे महिना, वरच्या मजल्यावरची खोली, तरी काही नाही. आणि ऐन जानेवारीत प्रॉब्लेम सुरू. स्क्रीन एकदम काळी व्हायची, दोन-तीन सेकंदांनी परत यायची तेव्हा गेम उडालेली, कधी कधी तर पीसीच हँग, बटन दाबून बंद करायचा.

नेमका त्याच सुमारास त्याने नवीन ड्रायव्हर (विंडोजकडून कार्ड चालवून घेणारं सॉफ्टवेअर) टाकला होता, त्यामुळे त्याचं ठाम मत, "मामा, ड्रायव्हरच गंडलाय." दुकानवाल्याला फोन केला तर तोही तेच, "भिया, ड्रायवर का चक्कर है, पुराना डाल लो." जुना टाकला तरी तेच. मग प्रकरण माझ्याकडे आलं, कारण ताईच्या हिशेबात वायर असलेली कुठलीही वस्तू हे मामाचं खातं.

पहिलं काम म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, विंडोजची नोंदवही, उघडला. विंडोज लॉग्स, त्यात सिस्टिम, तिथे ४१०१ नंबरचे इव्हेंट रांगेने पडलेले, मजकूर असा की एनव्हीएलडीडीएमकेएम नावाच्या डिस्प्ले ड्रायव्हरने उत्तर देणं थांबवलं आणि तो परत सावरला. (हे नाव एका दमात म्हणून दाखवा.) आता हे वाचून कोणीही ड्रायव्हरलाच धरणार. पण हा मेसेज येतो टीडीआरमुळे, म्हणजे टाइमआउट डिटेक्शन अँड रिकव्हरी, व्हिस्टापासून विंडोजमध्ये आहे. कार्डला दिलेलं काम २ सेकंदांत पुढे सरकलं नाही की विंडोज ड्रायव्हरला रीसेट मारतं, बास. काम का अडकलं, क्लॉकमुळे, पॉवर सप्लायमुळे का खरंच ड्रायव्हरमुळे, ते त्यात नसतं. मृत्यूच्या दाखल्यावर नुसतं 'हृदय बंद पडलं' लिहिलेलं असावं तसला प्रकार. यावर एक सल्ला सगळीकडे मिळतो की रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगांत) जाऊन टीडीआर डिले, म्हणजे ही मुदत, वाढवा, २ चे ८ करा, १० करा. गेमसाठी तरी मला तो अजिबात पटत नाही, अडकलेलं कार्ड दोन सेकंदांऐवजी दहा सेकंद अडकून राहील, त्याने साध्य काय होणार?

मग ठरवलं की ड्रायव्हर आणि क्लॉक हे दोन संशयित आधी वेगळे करायचे. क्लॉक स्टॉकवर, म्हणजे कंपनीच्या मूळ वेगावर, आणला, आफ्टरबर्नरमधलं स्टार्टअपला सेटिंग लावायचं टिक काढलं. कार्ड बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं ट्यूनिंग सॉफ्टवेअरही होतं तेही उडवलं, कारण अशी दोन सॉफ्टवेअरं एकाच कार्डाच्या स्लायडरवर बसली की शेवटचं सेटिंग कोणाचं चाललंय ते आपल्याला कळत नाही.

ड्रायव्हर साफ करायला डीडीयू, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर. ड्रायव्हरची फाइल आधीच डाउनलोड करून ठेवायची, मग नेट काढायचं, मग सेफ मोड, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरतंच चालू करायचं. नेट काढायचं राहिलं तर विंडोज अपडेट मध्येच आपल्या मनाने एखादा ड्रायव्हर आणून बसवतं आणि साफसफाई वाया जाते. आमचं घोडं अडलं ते सेफ मोडच्या दारातच. तिथे पिन चालेना, पासवर्ड मागायला लागलं, आणि साहेबांना पासवर्ड आठवेना, कारण रोज चार आकड्यांत काम होतंय ना. परत नॉर्मल मोडमध्ये या, फोनवरून पासवर्ड रीसेट करा, नव्या पासवर्डने एकदा लॉगिन करून बघा, मग परत शिफ्ट दाबून रीस्टार्ट. तेवढ्यात ताई चहा घेऊन आली आणि स्क्रीनवरचे मोठे मोठे आयकॉन बघून म्हणाली, "बिघडवलंस ना अजून?" सेफ मोडमध्ये तसंच दिसतं हे तिला समजावायच्या भानगडीत मी पडलो नाही. क्लीन अँड रीस्टार्ट दाबलं, वर आल्यावर तोच नवा ड्रायव्हर टाकला ज्याच्यावर सगळ्यांचा राग होता, आणि सगळ्यात शेवटी नेट जोडलं.

स्टॉक क्लॉकवर काहीही झालं नाही. जड गेम, हलकी गेम, रात्रभर रेंडर, एकही ४१०१ नाही. म्हणजे ड्रायव्हर सुटला. पण भाचा ऐकेना, म्हणे क्लॉकही नसणार, मी प्लस १८० वर अर्धा तास फरमार्क, म्हणजे कार्डाला पूर्ण ताण देणारी टेस्ट, चालवलंय, पास झालंय. परत लावून दाखवलं, खरंच पास. आणि तेच सेटिंग ठेवून त्याची ती जुनी क्रिकेटची गेम लावली तर टॉसच्या स्क्रीनवरच काळोख. ही गेम त्याने थंडीच्या सुट्टीतच टाकली होती, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

खरा उलगडा झाला रिव्हाट्यूनरने कार्डाचा वेग, वॉट, तापमान असे चालू आकडे स्क्रीनवर ठेवल्यावर. फरमार्क चालू असताना कार्ड पॉवर लिमिटला टेकलेलं, १७० वॉटच्याही वर, आणि त्या ओझ्याखाली क्लॉक खाली आलेला, १७५० मेगाहर्ट्झच्या आसपास. टॉसच्या स्क्रीनवर मात्र कार्डला कामच नाही, ८० वॉटसुद्धा नाही, तापमान ४५ च्या खाली, त्यामुळे क्लॉक मोकाट सुटून २१०० च्या पुढे. म्हणजे फरमार्कने प्लस १८० ची परीक्षा घेतलीच नव्हती, तो आकडा जिथे खरा चावतो तिथपर्यंत कार्ड फरमार्कमध्ये पोचतच नव्हतं! ऑफसेट, म्हणजे ते प्लस १८०, लावला की व्होल्टेज-फ्रिक्वेन्सीचा (किती व्होल्टेजला किती वेग, याचा) अख्खा कर्व्ह वर सरकतो आणि टोकाचे बिंदूही वर जातात, जिथे कार्ड फक्त हलक्या कामात जातं. त्यात कार्ड गरम व्हायला लागलं की बूस्ट, म्हणजे कार्ड आपणहून वाढवतं तो वेग, १५-१५ मेगाहर्ट्झने उतरतो, गार असलं की वरच राहतो. मे महिन्याच्या गर्मीत कार्ड आपोआप खाली राहायचं, जानेवारीच्या गारठ्यात ते टोकाला जाऊन आपटायला लागलं. उन्हाळ्यात सांभाळा असं सगळे सांगतात, थंडीचं कोणी बोलत नाही.

मग कोअर १५-१५ ने खाली आणत गेलो आणि दर वेळी टेस्ट म्हणजे तीच क्रिकेटची गेम, पीसी गार असताना, मेन्यूत सोडून द्यायची. प्लस १०५ ला शांत झाली. मेमरी त्या वेळी शून्यावर ठेवली होती, दोन्ही एकदम हलवलं की कोण पडलं ते समजत नाही. नंतर मेमरी वेगळी वाढवून बघितली तर ९०० ला बरोबर चालली, ११०० ला मैदानाच्या गवतात रंगीत ठिपके चमकायला लागले, तिथून परत ८०० वर येऊन थांबलो. जीडीडीआर६एक्स प्रकारच्या मेमरीची कार्डं असतील, ३०८० वगैरे, तर ठिपक्यांची वाट बघू नका, त्यांची मेमरी चुकलेला डेटा परत पाठवते, त्यामुळे दिसत काहीच नाही, नुसता वेगाच्या चाचणीतला स्कोअर घसरतो.

एवढं झाल्यावर मीच त्याला म्हटलं, प्लस १०५ ने तुला फ्रेम किती जास्त मिळतायत ते मोज. तीन-चार. त्यापेक्षा आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून कर्व्ह उघडला, ९०० मिलिव्होल्टचा बिंदू १८७५ मेगाहर्ट्झला नेला आणि पुढचा कर्व्ह सपाट केला. आता टोकच नाही तर आपटणार कुठे. जड गेममध्ये कार्ड १७० ऐवजी १३० वॉटच्या आसपास खातं, पंख्याचा आवाज निम्म्यावर, फ्रेम स्टॉकएवढ्याच. भाचा नाराज आहे, कारण मित्रांना दाखवायला २१०० चा आकडा राहिला नाही.

एक सांगायचं राहिलं, कर्व्ह सेव्ह करताना कार्ड थोडा वेळ रिकामं, गार असू द्या. गरम असताना सेव्ह केला तर गार झाल्यावर तोच बिंदू १५-३० मेगाहर्ट्झ वर दिसतो, आणि स्टार्टअपचं टिक आठवडाभर तरी परत लावू नका.