स्टोअर बंद झालं तरी गेम चालला पाहिजे

भाच्याने सेलमध्ये वाढदिवसाचे सगळे पैसे स्टीमवर (कॉम्प्युटर गेम्सचं ऑनलाइन दुकान) उडवले आणि मग विचारतो, "मामा, हे स्टीम बंद पडलं तर माझे गेम्स जातील का?" आता स्टीम २००३ पासून चालू आहे, उद्या सकाळी काही शटर खाली येत नाही, हे मी त्याला सांगितलं, पण प्रश्न पोराने बरोबर विचारलाय. आपण इंदूरच्या जेल रोडवरून आणलेल्या सीड्यांवर वाढलो (त्या चोरीच्या कॉप्या होत्या हे इंदूरच्या माणसाला सांगायला नको), ह्या पोरांनी सीडी हातात धरलेलीच नाही, ह्यांचं सगळं अकाउंटमध्ये.

आधी एक गोष्ट, ज्यात बहुतेक लोक गोंधळ घालतात. स्टोअर एका दिवसात "बंद" होत नाही, ते टप्प्याटप्प्याने बंद होतं. आधी विक्री थांबते, म्हणजे नवीन काही घेता येत नाही, पण जुनं घेतलेलं परत डाउनलोड होतं. निन्टेंडोने थ्रीडीएस आणि वी यू ह्या त्यांच्या गेम मशिन्सचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला असंच बंद केलं, मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० ह्या मशीनचं २९ जुलै २०२४ ला, दोन्हीकडे आधी घेतलेले गेम्स उतरवायची सोय ठेवली. सोनीने २०२१ मध्ये प्लेस्टेशन ३ (पीएस३) आणि व्हिटा ह्या मशिन्सचं दुकान बंद करतो म्हणून जाहीर केलं, लोकांनी इतका आरडाओरडा केला की महिन्याभरात निर्णय फिरवला. ह्यानंतरचा टप्पा म्हणजे डाउनलोडचे सर्व्हर काढून घेणं, आणि सगळ्यात शेवटचा, ज्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, तो म्हणजे "हा गेम तुझाच आहे का" हे तपासणारा सर्व्हर बंद होणं. माझ्या मते खरी भीती तिथे आहे, दुकानाची नाही. गेम हार्ड डिस्कवर पूर्ण पडलेला असतो, त्यातली एक फाइलसुद्धा कमी नसते, पण तो आधी कुठेतरी विचारायला जातो आणि तिकडून उत्तरच येत नाही.

माझ्याकडे जुना ३६० अजून चालू आहे. त्याच्यावर घेतलेल्या गेमला दोन परवाने लागतात, एक तुमच्या अकाउंटला आणि एक ज्या मशीनवर तो पहिल्यांदा उतरवला त्या मशीनला. त्या मशीनवर नेट नसलं तरी घरातला कोणीही तो खेळू शकतो, पण हार्ड डिस्क काढून दुसऱ्या ३६० ला लावली की साइन-इन मागतो, नाहीतर पूर्ण गेमचा ट्रायल होऊन बसतो. म्हणजे आत्ता सर्व्हर चालू असताना सगळं त्याच एका मशीनवर उतरवून ठेवायचं आणि ती मशीन जपायची, दुसरा इलाज नाही. मी हे केलंय, आणि हो, बायकोच्या मते तो डबा टीव्हीखालून हलवायला पाहिजे, ते बघू.

ह्याहून भारी किस्सा पीएस४ चा. त्याच्या आत मदरबोर्डवर बटनासारखा छोटा सेल असतो, सीआर २०३२, कॉम्प्युटरमध्ये असतो तोच, घड्याळाची वेळ लक्षात ठेवायला. २०२१ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की हा सेल संपला आणि मशीनला सोनीच्या नेटवर्कशी बोलून वेळ जुळवता आली नाही तर घेतलेले गेम्स सुरूच होत नाहीत, आणि डिस्कवाले पण नाहीत! कारण काय, तर म्हणे ट्रॉफी (गेममध्ये काही जमवलं की मिळणारं बक्षीस) मिळाल्याची वेळ कोणी खोटी लावू नये म्हणून ती तपासणी ठेवली होती. एवढ्यासाठी. सोनीने त्याच वर्षी सप्टेंबरच्या ९.०० अपडेटमध्ये गुपचूप हे दुरुस्त केलं, पण विचार करा, नेटवर्क बंद झाल्यावर दहा वर्षांनी कोणाच्या लक्षात आलं असतं तर? म्हणून ज्यांच्याकडे पीएस४ कपाटात पडलाय त्यांनी एकदा नेटला जोडून अपडेट मारून घ्या, आजच.

डिस्क घेतली म्हणजे सुटलो असंही नाही, हे पण सांगून टाकतो. विंडोज १० आलं तेव्हा सेफडिस्कचं कुलूप (सीडीची कॉपी चालू न देणारी सोय) असलेल्या जुन्या ओरिजिनल सीड्या चालायच्या बंद झाल्या. म्हणजे ज्यांनी त्या काळात पैसे मोजून खरी सीडी घेतली त्यांचीच अडली, आपल्या जेल रोडवाल्या मस्त चालतात. आणि कुलूप लावणाऱ्या कंपन्या स्वतः काय करतात? २००८ मध्ये युबीसॉफ्ट ह्या गेम कंपनीच्या रेनबो सिक्स व्हेगास २ चा पॅच आला आणि तो डिस्क मागायला लागला, आता ज्यांनी गेम ऑनलाइन दुकानातून डाउनलोड करून घेतला होता ते बिचारे डिस्क आणणार कुठून, मग कंपनीने एक फाइल दिली, आणि लोकांनी उघडून बघितलं तर ती चक्क एका क्रॅक करणाऱ्या, म्हणजे असली कुलूपं तोडणाऱ्या, ग्रुपची होती.

त्याच कंपनीचा द क्रू हा गाड्यांचा गेम तर सगळ्यांना माहीत झालाच असेल. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद, आणि एकट्याने खेळायचा भागसुद्धा सर्व्हरशिवाय चालत नव्हता, वर लोकांच्या लायब्ररीतून परवानाच काढून घेतला. त्यावरून रॉस स्कॉट नावाच्या माणसाने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम काढली, जुलै २०२५ मध्ये युरोपात दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. त्यांची मागणी साधी आहे, सर्व्हर कायम चालवा असं ते म्हणत नाहीत, बंद करताना गेम चालता ठेवून जा एवढंच. मला ह्यात काही चूक दिसत नाही.

आणि गेम राहिला तरी आतला माल राहील असं नाही. जीटीए ४ मध्ये एप्रिल २०१८ ला गाण्यांचे करार संपले म्हणून अपडेटमधून रेडिओवरची बरीच गाणी काढली, आधी विकत घेणाऱ्यांची पण. व्लादिवोस्तोक एफएम हे गेममधलं स्टेशन तर ओळखू येईना. ज्यांनी जुनी इन्स्टॉलची कॉपी बाजूला ठेवली होती त्यांच्याकडेच ती गाणी उरली.

तर मी स्वतः काय करतो. जो गेम पाच-दहा वर्षांनी परत खेळावासा वाटेल तो आधी जीओजी ह्या ऑनलाइन दुकानात बघतो, कारण तिथे इन्स्टॉलरची फाइल मिळते, लॉगिन नाही, नेट नाही, उतरवली की तुमची. फाइल्स घेताना तो छोटा सेटअप आणि त्याच्यासोबतच्या सगळ्या '.bin' फाइल्सचे तुकडे एकाच फोल्डरमध्ये ठेवायचे, एक तुकडा राहिला तरी इन्स्टॉल अर्ध्यावर अडकतं. मग हे दोन वेगळ्या डिस्कवर, कारण एक्स्टर्नल हार्ड डिस्क कधी मान टाकेल सांगता येत नाही. स्टीमवरचे पण बरेच गेम्स नुसता फोल्डर कॉपी करून चालतात, फक्त कुठे लिहिलेलं नसतं, करून बघावं लागतं. भाच्याला मी तेच शिकवलं, राऊटर बंद कर, स्टीम पूर्ण बंद कर, फोल्डरमध्ये जाऊन गेमच्या एक्सई (.exe) फाइलवर डबल क्लिक कर. चालला तर कॉपी मारून ठेव, स्टीम मागितलं तर समज की हा स्टीमच्या मर्जीवर आहे. पोराने संध्याकाळभर सगळी लायब्ररी तपासली, घरच्यांचं वायफाय बंद म्हणून ताई माझ्यावर भडकली ते वेगळं. स्टीमचं स्वतःचं बॅकअप ह्यासाठी कामाचं नाही, ते परत टाकायला स्टीमच लागतं. सेव्ह फाइल्स (गेम कुठपर्यंत खेळला ते ठेवणाऱ्या) मात्र वेगळ्या जागी असतात, डॉक्युमेंट्समध्ये किंवा अ‍ॅपडेटामध्ये, त्या विसरू नका.

कायद्याचं कोणी विचारलंच तर आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली प्रोग्रॅमची कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्याला ती खराब होईल, हरवेल म्हणून बॅकअप ठेवता येतो. कुलूप तोडण्याबद्दल ६५ए हे कलम २०१२ मध्ये आलं, त्यात हक्क मोडायच्या हेतूने तोडलं तर गुन्हा असं आहे. मी वकील नाही, पण स्वतःच्या घरी कॉपी ठेवायला मला भीती वाटत नाही. आणि कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदाच झालाय की तुम्ही परवाना विकताय तर तसं स्पष्ट सांगा, स्टीमने २०२४ च्या ऑक्टोबरपासूनच पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली. जो गेम कायमचा उतरवून ऑफलाइन ठेवता येतो त्याला ह्या नियमातून सूट आहे, हे मला आवडलं.

आता जे ह्या कशातच बसत नाही ते भाच्याचं लाडकं बीजीएमआय, म्हणजे पबजी मोबाइलची भारतातली आवृत्ती. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली, ऑक्टोबरच्या शेवटी सर्व्हर गेले, २०२१ च्या जुलैमध्ये बीजीएमआय म्हणून परत आला तेव्हा लोकांना जुना डेटा हलवता आला, मग जुलै २०२२ मध्ये तो पण स्टोअरमधून उडाला आणि मे २०२३ मध्ये परत. इथे ना इन्स्टॉलर ठेवून उपयोग ना डिस्क, सगळं त्यांच्याकडे. त्यामुळे स्किनसाठी (खेळातल्या पात्राचे, बंदुकांचे दिखाऊ रंग-कपडे) माझ्याकडून एक रुपया मिळणार नाही असं सांगितलंय, सध्या त्याचं आजीकडे अपील चालू आहे आणि आई पाघळेल असं दिसतंय.