शरणपूर ते देवळाली : थडगी वाचत एक सकाळ

पाहुणे आले की आपण नाशिककर त्यांना रामकुंड नाहीतर पांडवलेणी दाखवतो. दफनभूमी कोण दाखवणार? गेल्या रविवारी मी एकटाच निघालो.

आधी शरणपूर. ही ख्रिस्ती वस्ती विल्यम प्राइस या मिशनऱ्याने १८५४ साली वसवली. गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथे येत आणि लिहिणं-वाचणं, हातचं काम शिकत. त्यांतलाच जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आजच्या झांबियात डेव्हिड लिव्हिंगस्टन हा मिशनरी-संशोधक वारला, तेव्हा त्याचं काळीज ज्या झाडाखाली पुरलं त्याच्या खोडावर मृत्युलेख कोरला तो या वेनराइटने. नाशिकला अक्षर गिरवलेला हात तो! बाकीचा देह इंग्लंडला नेला, तेव्हा लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये लिव्हिंगस्टनच्या शवपेटीबरोबरही तो होता. मी आफ्रिकी नावं शोधत दोन फेऱ्या मारल्या, एकही सापडलं नाही. १८७० च्या दशकात प्राइसने त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना मोंबासाजवळच्या फ्रीअरटाउनला नेलं, त्यामुळे आश्चर्य वाटलं नाही. हळहळ मात्र वाटली.

जुन्या संगमरवरावर अक्षरं शिशाची बसवलेली असत. शिसं निखळलं की नुसती भोकं उरतात, ती बोटाने चाचपत वाचायची. खडू किंवा पावडर फासू नका, दगड खराब होतो. सकाळी आठच्या आत जा, तिरप्या उन्हात पुसट अक्षरंही उठून दिसतात.

मग देवळाली कॅम्प. रेल्वेने नाशिकरोडहून मुंबईकडे पुढचंच स्टेशन, शहरातून बसही आहे. मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत इथे महिनोन् महिने पडून राहत. वेड लागण्यासाठी इंग्रजीत ‘डूलॅली’ शब्द आला तो इथूनच. ‘एंटेरिक फीवर’ असं कोरलेलं दिसलं तर तो विषमज्वर समजायचा. वयं वाचताना घसा दाटतो, पंचविशीही न गाठलेली पोरं. महायुद्धातल्या सैनिकांचा माग काढत असाल तर पुण्याची खडकी युद्ध दफनभूमीही बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या अनेक कबरी ठिकठिकाणांहून तिथे हलवल्या आहेत.

फाटकाला कुलूप असलं तर उडी मारू नका, राखणदाराला विचारा. पावसाळ्यात गवत कमरेएवढं, साप असतात, बूट हवेतच. २ नोव्हेंबरच्या आसपास घरचे लोक कबरी झाडून मेणबत्त्या लावतात. तेव्हा गेलात तर कॅमेरा पिशवीतच ठेवा. मी काढला होता, एका आजींनी नुसतं बघितलं आणि मी तो मुकाट्याने आत टाकला.