खिडकीपाशी थोडा आडोसा हवा

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या मोठ्या संकुलात राहणाऱ्या माणसाला उत्पन्नाचा दाखला हवा असेल, तर तो रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉपवर ‘आपले सरकार’ हे राज्य सरकारचे संकेतस्थळ उघडतो, कागदपत्रे जोडतो, शुल्क भरतो आणि झोपी जातो; त्याची मिळकत किती आणि घरात कोण कोण आहे, यातले काहीही शेजाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. हाच दाखला कळव्यातल्या चाळीत राहणाऱ्या बाईला हवा असतो, तेव्हा मात्र तिला सेवा केंद्राच्या रांगेत उभे राहून, मागच्या सात-आठ जणांच्या देखत, आपली सगळी परिस्थिती मोठ्याने सांगावी लागते. दोघांचा हक्क एकच आहे. एकाकडे साधने स्वतःची आहेत आणि दुसरीच्या वाट्याला सगळ्यांत मिळून एक संगणक आला आहे, एवढाच काय तो फरक. तो मला अलीकडे फार खुपू लागला आहे.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींबरोबर मी मध्यंतरी अशाच एका केंद्रात गेले होते. तिथला मुलगा कामाला चोख होता आणि बोलायलाही अदबीचा, हे आधीच सांगून टाकते. परंतु संगणकाचा पडदा रांगेकडे तोंड करून ठेवलेला होता, आणि अर्जातला प्रत्येक रकाना त्याला मोठ्याने विचारावाच लागत होता. “मावशी, मिस्टर काय करतात?” या प्रश्नाला मावशींनी जे उत्तर दिले, ते त्यांनी मला इतक्या वर्षांत कधी सांगितले नव्हते, आणि ते त्या दिवशी संपूर्ण रांगेने ऐकले. पुढे ओटीपी आला, तेव्हा मावशींनी फोनच त्याच्या हातात दिला. “तूच बघ रे बाबा, मला कुठलं दिसतंय एवढं बारीक.” आधार कार्डाचा फोटो त्याच्या व्हॉट्सॲपवर गेला, तिथून संगणकावर उतरला, आणि पडद्यावर आधीच पसरलेल्या अनोळखी माणसांच्या नावांच्या फाइलींत मावशींच्या नावाची आणखी एक भर पडली. शेवटी त्याने आमचा हिशेब केला तो एका बिघडलेल्या झेरॉक्सच्या पाठकोऱ्या बाजूवर. कागद उलटून पाहिला, तर पलीकडे कुणा म्हाताऱ्या गृहस्थांचा फोटो, पत्ता आणि आधारचे बाराच्या बारा आकडे स्वच्छ दिसत होते.

त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. फाइली केव्हा पुसायच्या आणि बिघडलेल्या प्रतींचे काय करायचे, हे त्याला कुणी सांगितल्याचे त्याच्या बोलण्यातून दिसले नाही. आधार कायद्याच्या कलम 29 नुसार कुणाचाही आधार क्रमांक जाहीरपणे प्रदर्शित करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, आणि 2023 मध्ये वैयक्तिक विदेच्या, म्हणजे डेटाच्या, संरक्षणासाठी स्वतंत्र कायदाही संमत झाला. एवढे सगळे कागदावर असताना ते त्या टेबलापर्यंत उतरलेले नाही. आधारचा पहिला क्रमांक 2010 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला, तो ज्यांच्यापाशी ओळखीचा दुसरा पुरावा नाही अशांना सरकारी योजनांपर्यंत पोहोचता यावे, या आशेने. मग त्याच माणसांचा क्रमांक हिशेबाच्या कागदावर फिरत राहावा, हे मला अतिशय अन्यायाचे वाटते.

महापालिकेच्या दवाखान्यांतही हेच चित्र दिसते. डॉक्टरांच्या टेबलाभोवती एकाच वेळी पाच-सहा रुग्ण उभे असतात आणि एखाद्या मुलीला पाळीबद्दलची तक्रार सगळ्यांसमोर सांगावी लागते. मग ती निम्मेच सांगते आणि निम्म्या माहितीवरचे औषध घेऊन घरी जाते. एचआयव्हीबाधितांची माहिती त्यांच्या संमतीशिवाय उघड करू नये, असे 2017 च्या कायद्याने बजावले आहे. तेवढी काळजी बाकीच्या दुखण्यांसाठीही घेतली जावी, असे वाटण्यात काही जास्तीचे मागणे आहे, असे मला वाटत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो बिनबुडाचा नाही. सरकारी पैसा जिथे खर्च होतो तिथे पारदर्शकता हवी. लाभार्थ्यांच्या याद्या उघड झाल्यामुळेच बोगस नावे सापडतात, आणि माहितीच्या अधिकाराने 2005 पासून सामान्य माणसाच्या हातात जे बळ आले आहे, ते कुणीही सोडता कामा नये. हे मला पूर्ण मान्य आहे. मात्र यादीत कुणाचे नाव आहे आणि त्याला कोणता लाभ मिळाला, एवढे कळले की जनतेचे काम भागते. त्याचा बँक खाते क्रमांक किंवा आजार कळण्याची गरज कुणालाही नाही. शिवाय पारदर्शक असायचे ते सरकारी कारभाराने. रांगेतल्या बाईवर ते ओझे कशासाठी?

जागा नाही, पैसा नाही, हे उत्तर तर मला पटतच नाही. निवडणुकीच्या दिवशी महापालिकेच्या शाळेतल्या त्याच अरुंद वर्गात, तेवढ्याच गर्दीत, पुठ्ठ्याचा एक आडोसा उभा राहतो आणि मत कुणाला दिले हे नवऱ्यालाही कळत नाही. ज्या गोष्टीची गुप्तता आपण मोलाची मानली, तिच्यासाठी पुठ्ठाही पुरला.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 मुळे कार्यालयांत सेवांची यादी, मुदत, शुल्क आणि अपिलाच्या अधिकाऱ्यांची माहिती असलेला फलक लागतो. त्याच फलकावर आणखी दोन ओळी याव्यात : आपली कागदपत्रे इथे किती दिवस ठेवली जातील आणि ती कोण पुसून टाकील. पडदा रांगेकडे न वळवता अर्जदाराकडे वळवावा, म्हणजे चुकीचे स्पेलिंगही तिथल्या तिथे दिसेल. मिळकतीचा आकडा तोंडी न विचारता कागदावर लिहून घ्यावा आणि ज्याला लिहिता येत नाही त्याला खुर्ची जवळ ओढून बसवून घ्यावे. बिघडलेली प्रत ज्याची असेल त्याच्याच हातात द्यावी. आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रतही मिळते. जिथे ती चालत असेल तिथे तसे ठळक लिहावे, कारण विचारल्याशिवाय हे कुणी सांगत नाही.

2024 मध्ये लाडकी बहीण योजनेतून दरमहा 1500 रुपये मिळू लागले, तेव्हा बायकांची अशा केंद्रांवर झुंबड उडाली होती. ज्यांच्यापाशी स्वतःचा फोन नव्हता, त्यांनी मुलाचा, दिराचा, नाहीतर शेजारणीचा नंबर दिला. पैसे हिच्या खात्यात आणि संदेश मात्र दुसऱ्याच्या फोनवर, अशी स्थिती असली की हप्ता आल्याची बातमी घरात तिच्याआधी इतरांना लागते आणि तो खर्चही तिच्याआधीच ठरतो. मावशींचा आधारला जोडलेला नंबर त्यांच्या जावयाचा होता. आता आधार केंद्रात जाऊन त्याऐवजी त्यांचा स्वतःचा नंबर जोडून घ्यायचे आमचे ठरले आहे. “ताई, तिथं पण मोठ्यानं विचारतील का हो?” असे त्यांनी विचारले, तेव्हा मी त्यांना सगळी माहिती आधीच एका कागदावर लिहून दिली, आणि तो कागद काम झाल्यावर परत मागून घ्यायला सांगितले आहे.