मिश्रण १४ परत वहीत: दोष अंबाडीचा नव्हता

मागच्या नोंदीत मी मिश्रण १४, म्हणजे माझ्या वनस्पतींच्या चहाचं एक मिश्रण, चव आणि रंग उतरला म्हणून बाद केलं होतं. ते वाक्य आज खोडते. तीन आठवडे मी ज्या अंबाडीला बोल लावत होते, तिचा काडीचाही दोष नव्हता. नागपूरच्या ज्या दुकानदाराला मी फोन करून "या खेपेला जुना माल दिलात" असं सुनावलं, त्यांना काल परत फोन करून माफी मागितली. त्यांचा माल चांगलाच होता.

१४ चं प्रमाण तुमच्याकडे आहेच, टक्क्यांत: तुळस ३०, गवती चहा २०, लाल अंबाडीची वाळलेली बोंडं १५, संत्रासाल १२, सुंठ १०, ज्येष्ठमध ७, दालचिनी ४, वेलची २. पद्धत आपली नेहमीचीच, चव पारखण्यासाठी चहा कसा करावा हे सांगणाऱ्या आयएसओ ३१०३ या आंतरराष्ट्रीय मानकाची: १०० मिली पाण्याला २ ग्रॅम, झाकण ठेवून ६ मिनिटं. म्हणजे फांट (नुसता मुरवलेला), काढा (उकळत ठेवलेला) नाही. चव पारखायच्या सहाव्या आणि सातव्या बैठकीत, माझ्या घरी, सहा जणांची सरासरी १० पैकी ८.१ आली होती. रंग डाळिंबाच्या दाण्यासारखा, आधी आंबट, मग संत्र्याचा वास, आणि शेवटी घशाशी रेंगाळणारा ज्येष्ठमधाचा गोडवा. आठवी बैठक जाऊबाईंकडे झाली. त्याच डब्यातलं तेच मिश्रण, आणि सरासरी ५.९. नववी परत त्यांच्याचकडे, ३.८.

शेजारच्या काकूंनी पेला उजेडाकडे धरला. "मागच्या खेपी लाल होती नं वं चाय? आता अशी मयकट काहून दिसते?"

इथे माझी पहिली चूक झाली. आंबटपणा गेला आणि रंग उतरला, म्हणजे अंबाडी कमजोर, असं मी धरून चालले. अंबाडी १५ वरून २५ वर नेली. माझ्या घरी ते मिश्रण इतकं आंबट झालं की दिरांनी दुसरा घोट घेतला नाही, आणि जाऊबाईंकडे मात्र ते जेमतेम बरं लागलं. तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी बोंडांचा पुरवठादार बदलला, बोंडं दोन वेळा नव्याने वाळवली, डबा बदलला, काचेची बरणी आणली. वहीची अकरा पानं त्यात गेली.

सुटका सासूबाईंनी केली. त्या चव बघायला बसत नाहीत, पण त्यांचं सगळ्याकडे लक्ष असतं. मी ओट्यापाशी बोंडं मोजत होते, तर म्हणाल्या, "बोरच्या पान्यात डाय शिजत नाई, तं तुयी चाय कशी होईन?"

मी हातातला काटा खाली ठेवला. माझ्या घरी चहाला आरओच्या कॅनचं पाणी असतं. जाऊबाईंकडे नळाचं. आणि नवव्या बैठकीच्या दिवशी नळ आलेला नव्हता, म्हणून ड्रममधलं वापरलं होतं. त्यात अर्धं बोरचं होतं, हे मी नंतर विचारलं तेव्हा समजलं. आम्ही दर्यापूर तालुक्यातले, पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात राहणारे. पाण्याचा खारटपणा आमच्या जिभेला जन्मापासून सवयीचा, त्यामुळे सहापैकी एकानेही वहीत "खारट" हा शब्द लिहिला नव्हता. चव पारखायला बसणाऱ्यांनी हे आधी तपासावं असं मला आता मनापासून वाटतं: आपली जीभ कशाला सरावली आहे?

त्याच संध्याकाळी त्रिकोणी चाचणी केली. तीन पेले, दोन एका पाण्याचे, एक दुसऱ्याचा, वेगळा ओळखा. रंगावरून कळू नये म्हणून डोळ्यांना ओढणी बांधली. पाणी कॅनचं आणि नळाचं, बोरचं घेतलंच नाही. सहाच्या सहा जणांनी वेगळा पेला बरोबर उचलला. नुसत्या अंदाजाने असं होण्याची शक्यता ७२९ मध्ये १. सहा जणांत पाच बरोबर आले तरी फरक खरा मानतात, इथे तर शंकेला जागाच उरली नाही.

मग टीडीएस मीटर काढला, पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा लिटरमागे मिलिग्रॅममध्ये आकडा दाखवणारा. कॅन ४०, नळ २४०, बोर १८५०. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, टीडीएस ५०० पर्यंत असावा असं म्हटलं आहे, आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. मला वाटलं, झालं, आकडा सापडला. टीडीएस सारखा केला की चव सारखी. १ मग बोरचं आणि ८ मग कॅनचं मिसळलं, मीटरवर बरोबर २४० आणलं, आणि नळाच्या २४० शेजारी ठेवून १४ चा फांट केला.

दोन्हींचा रंग वेगळा! आणि तोही माझ्या अंदाजाच्या उलट. बोर मिसळलेलं पाणी जास्त लाल, नळाचं फिकं. दोन दिवस मी या एका गोष्टीवर अडून होते. मीटर बिघडला म्हणून शेजारच्या शाळेतला मीटर आणून पाहिला, तोही तेच सांगत होता.

उत्तर असं की टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच मोजतो. क्षार कोणते, हे त्याला कळत नाही. आमच्या बोरच्या पाण्यात साध्या मिठाचा वाटा मोठा आहे. मीठ जिभेला लागतं, पण अंबाडीचं आम्ल ते मारत नाही. आम्ल मारतात ते बायकार्बोनेट, म्हणजे खाण्याच्या सोड्याच्या जातीचे क्षार. त्याला अल्कलिनिटी म्हणतात आणि ती वेगळी मोजावी लागते. मासे पाळणाऱ्यांचं केएच किट मिळतं, ते मागवलं. ५ मिली पाण्यात किटमधलं द्रावण थेंब थेंब टाकायचं, निळ्याचं पिवळं होईपर्यंत मोजायचं, एक थेंब म्हणजे लिटरमागे १७.८ मिलिग्रॅम अल्कलिनिटी. कॅन १ थेंब, नळ ७, बोर २८. आणि माझं १ ला ८ चं मिसळलेलं पाणी ४. नळाच्या ७ पेक्षा कमी, म्हणूनच जास्त लाल! हा आकडा वहीत लिहिताना झालेला आनंद मी कितीतरी दिवस जपून ठेवणार आहे.

हिशेबही जुळतो. एका पेल्यात २ ग्रॅम मिश्रण, त्यात अंबाडी फक्त ०.३ ग्रॅम. तिचं आम्ल ते केवढं! नळाचं पाणी त्यातलं बरंच खाऊन टाकतं आणि बोरचं तर सगळंच. अंबाडीचा लाल रंग आम्ल असेपर्यंतच टिकतो. आम्ल गेलं की तो आधी फिका पडतो, मग जांभळट, मग मळका. नुसत्या अंबाडीचा चहा केला असता तर २ ग्रॅम बोंडांनी नळाच्या पाण्याला सहज हरवलं असतं आणि मला काही कळलंच नसतं.

"पाणी उकळून गाळून घे" हा सल्ला मला तिघांनी दिला, म्हणून तेही केलं. नळाचं पाणी दहा मिनिटं उकळून निवू दिलं, तळाला पांढरी खपली बसली, वरचं पाणी ७ वरून ४ थेंबांवर आलं. म्हणजे चुन्याचा बायकार्बोनेट कार्बोनेट होऊन खाली बसला. बोरच्या पाण्याला मात्र उकळून काही फरक पडला नाही, कारण त्यातला सोडियमचा क्षार खाली बसतच नाही. उलट ते पाणी उकळून जास्त अल्कधर्मी होतं. वर्धा-यवतमाळकडच्या चुन्याच्या पाण्यावर हा उपाय चालेल. खारपाणात नाही.

किटबद्दल एक सूचना. ५ ऐवजी १० मिली पाणी घ्या, म्हणजे प्रत्येक थेंब ८.९ चा होतो आणि माप बारीक मिळतं. मीटरपेक्षा हे किट आपल्या कामाला शंभर पटीने उपयोगी आहे. ज्यांनी टीडीएस मीटर घेतला नसेल त्यांनी तो घेऊच नये, आधी हे घ्यावं.

नुसतं कॅनचं पाणी वापरा असंही मी म्हणणार नाही. आरओच्या कोऱ्या पाण्यात सुंठ टोचते आणि तुळशीला अंग येत नाही, चव वरवर तरंगते. मला सगळ्यात आवडलं ते लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आसपास अल्कलिनिटीचं पाणी (हा टीडीएसचा ४० नव्हे). ४ लिटर कॅनचं आणि १ लिटर नळाचं मिसळलं की ते मिळतं. बैठकीचं पाणी म्हणून हेच ठरवलं, दर वेळी मोजूनच. या पाण्यावर १४ ला ८.४ मिळाले. काकूंनी पेला परत उजेडाकडे धरला आणि काही न बोलता दुसरा मागितला.

मधल्या काळात दोन छोट्या गोष्टी घडल्या. वरुडहून आलेल्या संत्र्यांची साल या वेळी चमच्याने आतला पांढरा भाग पूर्ण खरवडून, सावलीत वाळवली. मागची कडवट किनार गेली आणि वास उन्हात वाळवलेल्या सालीच्या दुप्पट राहिला. इतका की डबा उघडला की बाहेरच्या खोलीतले विचारतात, संत्रं कोणी सोललं? दालचिनीही बदलली. बाजारातली जाड, एकाच वळीची साल म्हणजे कॅशिया, ती फांटाला बुळबुळीत करते. पातळ, कागदासारख्या अनेक वळ्यांची श्रीलंकेची महाग पडते, पण ४ टक्क्यांना कितीशी लागते? तीच घ्या.

आणि एक सावधगिरी. एका मैत्रिणीने "शुगरवाल्यांचा चहा" म्हणून एक पाकीट दिलं, ते मी बैठकीत दुसऱ्या क्रमांकाला ठेवलं. पुढच्या तीन पेल्यांना गोडव्याचे गुण कोणी दिलेच नाहीत. ज्येष्ठमध गेला कुठे, म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. पाकिटावर बारीक अक्षरात गुडमार होतं. गुडमार जिभेची गोड ओळखण्याची शक्ती काही काळ झाकून टाकते. सगळ्यांना चिमूटभर साखर दिली, ती तोंडात वाळूसारखी लागली. अर्धा तास थांबावं लागलं. यापुढे गुडमार असलेलं काहीही बैठकीत शेवटी. ज्येष्ठमधाबद्दल मागेच सांगितलंय, तरी परत सांगते: रक्तदाब असणाऱ्यांना तो नेहमी आणि भरपूर देऊ नये. माझ्या बैठकीत दोघांसाठी त्याच्याशिवायचा डबा वेगळा असतो.

इथपर्यंत लिहून मी ही नोंद संपवणार होते आणि पुढची योजना अशी होती की सगळ्यांनी ४० चं पाणी वापरावं, म्हणजे आपले गुण एकमेकांशी जुळतील. पण किट सगळ्यांकडे नसणार, या विचारात असताना कुंपणावरची गोकर्ण दिसली. उठून करूनच पाहिलं. पाच निळ्या फुलांचा फांट, तीन पाण्यांत, प्रत्येकी १०० मिली, आणि एकाच लिंबाचा रस ड्रॉपरने. कॅनचं पाणी २ थेंबांत जांभळं झालं. नळाचं १२ थेंबांत. बोरचं मात्र हिरवट निळंच होतं, चाळीस थेंबांनंतर मी मोजणं सोडलं. म्हणजे गोकर्ण आणि लिंबू हेच घरचं किट आहे! लिंबू लिंबासारखं नसतं म्हणून आकड्यांची तुलना दोन गावांत करता येणार नाही, पण एकाच बैठकीत, एकाच लिंबावर, आपलं पाणी कॅनच्या किती पट आहे ते कळतं. यापुढे माझ्या प्रत्येक बैठकीत गोकर्णाचा एक पेला साक्षीदार म्हणून असेल, आणि त्याचे थेंब गुणांच्या शेजारी लिहिले जातील.

गोकर्ण निवत असताना आयएसओ ३१०३ ची माझी टिपणं परत चाळली, आणि त्याने माझी योजनाच बदलली. त्यात म्हटलंय की चाचणीचं पाणी, तो चहा जिथे प्यायला जाणार तिथल्या पिण्याच्या पाण्यासारखं असावं. १९८० पासूनचा नियम, मी कितीदा वाचलाय, दर वेळी नजर २ ग्रॅम आणि ६ मिनिटांवर गेली. १४ कोण पिणार? जाऊबाई, काकू, त्यांच्या गल्लीतल्या बाया. त्या घरी रोज कॅन विकत आणून चहा करणार नाहीत. नळ आला तर नळाचं, नाही तर ड्रममधलं. मग माझ्या ४० च्या पाण्यावर मिळालेले ८.४ त्यांच्या काय कामाचे?

म्हणून सगळ्यांनी एकच पाणी वापरावं हा आग्रह मी सोडते. आपापलं पाणी वापरा, फक्त ते मोजून लिहा. आणि १४ आता दोन होतील. एक आहे तेच, गोड्या पाण्यासाठी. दुसरं १४-ख, खारपाणासाठी, ज्यात अंबाडी नाही, कारण ती इथे टिकणारच नाही. आंबटाच्या जोरावर उभं न राहणारं काही हवं. सुंठ १५ पर्यंत नेऊन बघते, सोबत भाजलेलं जिरं आणि थोडा ओवा. खारट पाण्यात जिरं शोभतं, हे ताकावरून ठाऊक आहेच. वेलची ३. संत्रासाल ठेवायची की नाही ते ठरत नाही. तिचा वास तेलाचा, आम्लाचा नाही, त्यामुळे टिकायला हवा.

रविवारी बैठक जाऊबाईंकडे, त्यांच्याच ड्रमच्या पाण्यावर. सासूबाईंना या वेळी सातवा पेला मांडून बसवणार आहे. त्या "बरं" म्हणाल्या आहेत.