पहिली बाटली निर्धोक, सातवीत शिसं

शिकागोतलं जुनं दुमजली घर. तळमजल्यावर राहणाऱ्या कुटुंबात चार महिन्यांचं बाळ, पावडरच्या दुधावर वाढणारं. त्यांनी नळाचं एक लिटर पाणी आधीच तपासून घेतलं होतं. शिसं निघालं 3 पीपीबी, म्हणजे लिटरमागे 3 मायक्रोग्रॅम. मर्यादा 15 ची, त्यामुळे घरचे निश्चिंत होते. मुळात ही 15 ची मर्यादा आरोग्याची नव्हेच. शहरभरच्या नमुन्यांवरून पाणीपुरवठा यंत्रणेने कधी हालचाल करायची, एवढंच ती सांगते. बाळासाठी शिशाचं सुरक्षित प्रमाण असं काही नसतं. आम्ही पाणी पुन्हा तपासायला गेलो, कारण समोरच्या रस्त्याखालची मुख्य जलवाहिनी नुकतीच बदलली होती.

तळघरात मीटरच्या अलीकडे भिंतीतून येणारी नळी किल्लीने हलकेच खरवडली. आतून चांदीसारखी चकाकी, धातू मऊ, चुंबक चिकटेना. शिसंच. तांबं असतं तर लालसर दिसलं असतं, लोखंडाला चुंबक चिकटला असता. शिकागोत 1986 पर्यंत छोट्या घरांना रस्त्यापासून शिशाचीच नळी घालायचा नियम होता. अशा सुमारे चार लाख नळ्या आजही जमिनीत आहेत.

आता पहिल्या बाटलीचा हिशेब. अर्धा इंची तांब्याच्या नळीत मीटरभर लांबीला साधारण 150 मिलिलिटर पाणी मावतं, पाऊण इंचीत 300. इथे ओट्यावरच्या नळापासून मीटरपर्यंत तीन लिटर भरत होतं. म्हणजे पहिलं लिटर तांब्यात मुरलेलं, शिशाला त्याचा स्पर्शही नाही!

म्हणून रात्री घरातले सगळे नळ बंद ठेवले, फ्लशसुद्धा नाही. किमान सहा तास पाणी हलता कामा नये. सकाळी नळाची जाळी न काढता, नळ पूर्ण सोडून, मध्ये न थांबवता रुंद तोंडाच्या, लिटरभराच्या दहा बाटल्या ओळीने भरल्या. पहिल्या तीन एकेरी आकड्यात, चौथी 14, पाचवी 22, सहावी 27 आणि सातवी एकदम 90. नंतर जाळी उघडली, तर तिच्यात राखाडी कण अडकलेले.

पाण्यात घातलेलं ऑर्थोफॉस्फेट हे गंजरोधक रसायन नळीच्या आत शिशावर पापुद्रा धरतं. 2014 मध्ये मिशिगनमधल्या फ्लिंट शहराने नदीचं पाणी घेतलं तेव्हा हेच घातलं नाही आणि जुना थर विरघळला. इथे रसायन चालू होतं. खोदकामाच्या हादऱ्यांनी पापुद्रा निखळला. असे कण एखाद्याच बाटलीत येतात, म्हणून एका नमुन्यावर कधीच विसंबू नये.

त्याच दिवशी सांगितलं: बाळाचं रक्त तपासा, आणि दुधासाठी नळाचं पाणी थेट नको. पाणी उकळून उपयोग नाही. वाफ जाते, शिसं उरतं. फिल्टर एनएसएफ या अमेरिकी मानकांनुसार शिशासाठी 53 आणि कणांसाठी 42 प्रमाणित हवा, त्यात फक्त गार पाणी घालायचं आणि कार्ट्रिज मुदतीत बदलायचं.

नळी मुख्य वाहिनीपासून मीटरपर्यंत अख्खी बदलायला हवी. अर्धी बदलून तांबं जोडलं तर कापाकापीने कण सुटतात आणि सांध्यापाशी शिसं आणखी झिजतं. बदलल्यावर सगळ्या जाळ्या काढून, तळघरापासून वर जात, गार पाण्याचे नळ एकदम सोडायचे आणि किमान अर्धा तास वाहू द्यायचे. पुढचे सहा महिने फिल्टर चालूच ठेवायचा आणि त्याच सुमारास पुन्हा नमुना घ्यायचा.